डॅकचं घड्याळ कोणाच्या हातात?

एखाद्या गाण्याची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा, तिथून मित्राच्या लॅपटॉपवर, तिथून फोनमध्ये आणि फिरवून परत आपल्या संगणकावर आणा. मूळ फाइल आणि ही गावभर हिंडून आलेली फाइल ताडून पाहिली, तर एका बिटचाही फरक सापडत नाही. कॅसेटच्या काळात तिसऱ्या कॉपीलाच खरखर वाढायची. डिजिटलमध्ये ती कटकट संपली. असं असताना हीच फाइल घरी जुळवलेल्या दोन डॅकमधून वाजवून मोजमाप घेतलं, तर एका डॅकमध्ये मूळ स्वराच्या दोन्ही अंगांना नको असलेले बारीक स्वर उगवलेले का दिसतात? फाइल तीच, डॅकची चिपही तीच. आकडे शेवटपर्यंत जसेच्या तसे पोचले याचीही खात्री करून घेता येते. मग बिघडलं काय?

फाइलमध्ये ‘किती’ लिहिलेलं असतं. ‘केव्हा’ कुठेच लिहिलेलं नसतं.

सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये एका सेकंदासाठी प्रत्येक बाजूचे ४४,१०० आकडे असतात. त्यांना नमुने म्हणतात. प्रत्येक नमुना म्हणजे त्या क्षणी विद्युतदाब ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर असावा याची नोंद. डॅक, म्हणजे आकड्यांपासून प्रत्यक्ष विद्युतदाब तयार करणारी चिप, दर २२.६८ मायक्रोसेकंदांनी एक आकडा उचलते आणि तेवढा दाब बाहेर ठेवते. पण २२.६८ मायक्रोसेकंद झाले हे तिला सांगणार कोण? बोर्डावरचं घड्याळ, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारा ऑसिलेटर. हे ठोके काही फाइलमधून येत नाहीत. ते त्या वेळी त्या डब्यात तयार होतात. एखादा ठोका किंचित लवकर पडतो, पुढचा किंचित उशिरा. ठोक्यांच्या या थरथरीला जिटर म्हणतात. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना बिट जरा मागे-पुढे पोचले तरी बिघडत नाही, कारण तिथे ‘केव्हा’ कोणी विचारतच नाही. डॅकपाशी मात्र पहिल्यांदाच वेळेला किंमत येते.

४४,१०० हा आकडा इतका आडनिडा कसा, असं वाटू शकतं. सुरुवातीला डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेषा आणि रेषेला ३ नमुने, गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतीत ५० फील्ड, २९४ रेषा, ३ नमुने, तरीही ४४,१००. व्हिडिओच्या जगात मात्र पुढे ४८,००० रूढ झालं. हे दोन आकडे एकमेकांना साध्या भागाकाराने जुळत नाहीत, आणि घरी डॅक करणाऱ्याला त्याचा भुर्दंड आजही पडतो. तो कसा, ते पुढे येईल.

क्षण चुकला की उंची चुकते

ठोका उशिरा पडला तर आकडा बरोबर असूनही दाब चुकीचा ठरतो, कारण तेवढ्या वेळात खऱ्या तरंगाने आपली जागा सोडलेली असते. तरंग जितका उभा चढतो तितकी ही चूक मोठी. १६ बिटमधला पूर्ण उंचीचा २०,००० हर्ट्झचा स्वर घेतला, तर सर्वांत उभ्या चढावर तो अर्धी पायरी अवघ्या १२१ पिकोसेकंदांत ओलांडतो. हौशी मंडळींमध्ये हा आकडा मंत्रासारखा जपला जातो. पण २०,००० हर्ट्झचा पूर्ण ताकदीचा स्वर कोणत्याच संगीतात नसतो, हे सांगायला बहुतेक जण विसरतात.

त्यापेक्षा उपयोगी हिशेब असा. १०,००० हर्ट्झचा स्वर वाजतोय आणि ठोके १ नॅनोसेकंद इकडे, १ नॅनोसेकंद तिकडे असे लयीत झुलताहेत. मग मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्वर उगवतो, मूळ स्वरापेक्षा ९० डेसिबलने खाली, म्हणजे साधारण बत्तीस हजारावा भाग. झुलणं १०० पिकोसेकंदांवर आणलं तर तो ११० डेसिबल खाली जातो. आता तोच १ नॅनोसेकंदाचा जिटर १०० हर्ट्झच्या खर्जाला लावून पाहा: बाजूचे स्वर १३० डेसिबल खाली, जवळपास बत्तीस लाखावा भाग. ‘घड्याळ बदललं आणि बास एकदम भरदार झाला’ असं कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवावा.

दुसरी गंमत अशी की गाणं थांबलं की जिटरचा परिणामही थांबतो. ज्या दाबात काही बदलच होत नाही, तो दोन क्षण आधी ठेवला काय आणि नंतर ठेवला काय! त्यामुळे शांततेत आवाज चढवून, स्पीकरला कान लावून जिटर शोधणं फुकट आहे. तिथे ऐकू येते ती वीजपुरवठ्याची किंवा अॅम्प्लिफायरची घुरघुर.

जिटरच्या जातीही दोन. ठोके एखाद्या ठरलेल्या लयीत हलत असतील तर बाजूला सुटे, टोकदार स्वर दिसतात. हलणं कुठल्याच लयीत बसत नसेल तर स्वराचा पायथा रुंदावतो आणि जमिनीवरचा गोंगाट थोडा वर येतो. पहिली जात शोधायलाही सोपी आणि घालवायलाही, कारण त्या लयीवरून गुन्हेगार ओळखता येतो.

[चौकट]
पिकोसेकंद म्हणजे केवढा?
सेकंदाचा हजारावा भाग मिलिसेकंद, त्याचा हजारावा मायक्रोसेकंद, त्याचा हजारावा नॅनोसेकंद आणि त्याचाही हजारावा पिकोसेकंद. १ नॅनोसेकंदात प्रकाश निर्वातात ३० सेंटिमीटर जातो, १०० पिकोसेकंदांत ३ सेंटिमीटर. सीडीच्या दोन नमुन्यांमधलं अंतर सुमारे २ कोटी २७ लाख पिकोसेकंदांचं असतं. १०० मेगाहर्ट्झचा साधा ऑसिलोस्कोप कोणतीही कडा ३.५ नॅनोसेकंदांपेक्षा उभी दाखवूच शकत नाही, म्हणून पडद्यावर ‘ठोके छान स्थिर दिसताहेत’ याला फारसा अर्थ नाही.

अचूक आणि स्थिर

बाजारात ऑसिलेटरवर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं ते पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती चूक. घेणारा ते पाहून पैसे मोजतो. पण ५० पीपीएमचा ऑसिलेटर म्हणजे दिवसाला सुमारे ४.३ सेकंद पुढे किंवा मागे जाणारं घड्याळ; ३ मिनिटांचं गाणं त्यामुळे फार तर ९ मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा संपेल. सुरात पडणारा फरक अर्धस्वराच्या हजाराव्या भागाइतकाही नाही. सगळेच ठोके सारखेच उशिरा पडत असतील तर तिथे जिटर शून्य. आपल्याला हवी आहे ती एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतची आणि पुढच्या काही सेकंदांतली स्थिरता, आणि ती पीपीएममध्ये दिसत नाही. ती डेटाशीटमध्ये ‘फेज नॉइझ’ या नावाच्या आलेखात असते. हा आलेखच दिला नसेल तर तो ऑसिलेटर ध्वनीसाठी नाही असं खुशाल समजावं.

म्हणूनच तापमानाप्रमाणे स्वतःला सावरणारे महागडे ऑसिलेटर किंवा रुबिडियमची ‘आण्विक’ घड्याळं डॅकला लावणं मला रोग म्हशीला आणि इलाज पखालीला यातलं वाटतं. त्यांची करामत महिन्या-वर्षांच्या अचूकतेत असते. गाणं ऐकताना तिचा उपयोग नाही.

कड कुठे मळते

ऑसिलेटरमधून निघालेला ठोका चांगला असतो. तो वाटेत बिघडतो. डिजिटल चिप आलेला दाब एका उंबरठ्याशी ताडून पाहते: वर गेला की १, खाली आला की ०. दाब उंबरठा ओलांडतो तो क्षण म्हणजे ठोका. आता या चढत्या दाबावर, म्हणजे ठोक्याच्या कडेवर, थोडा गोंगाट बसला तर ओलांडण्याचा क्षण सरकतो, आणि कड जितकी आडवी तितका जास्त सरकतो. ऑसिलेटरची ताजी कड २ नॅनोसेकंदांत ३.३ व्होल्ट चढते असं धरा. तिच्यावर १० मिलिव्होल्ट गोंगाट असेल तर क्षण सरकेल ६ पिकोसेकंद. तोच १० मिलिव्होल्टचा गोंगाट अर्ध्या व्होल्टच्या आणि चढायला २० नॅनोसेकंद घेणाऱ्या कडेवर बसला, तर सरकणं ४०० पिकोसेकंद. गोंगाट तोच, नुकसान सुमारे सहासष्टपट.

ही दुसरी कड मी उगीच निवडलेली नाही. सीडी प्लेअरच्या किंवा टीव्हीच्या मागे ‘कोअॅक्शियल’ लिहिलेलं जे नारिंगी किंवा काळं सॉकेट असतं, त्या एसपीडीआयएफ जोडणीतला संकेत अर्ध्या व्होल्टचाच असतो. सोनी आणि फिलिप्स यांनी ही पद्धत आणली तेव्हा एकाच तारेतून आकडेही पाठवायचे आणि ठोकेही, अशी काटकसर केली. पलीकडची रिसीव्हर चिप, उदाहरणार्थ सीएस८४१६ किंवा डीआयआर९००१, आलेल्या कडांवरून मूळ ठोका पुन्हा घडवते. त्यासाठी तिच्यात पीएलएल असतो: स्वतःचा ऑसिलेटर बाहेरच्या कडांच्या मागे मागे ओढत नेणारं मंडल. झपाट्याने होणारी थरथर तो गाळतो, पण संथ डोलणं मात्र त्याला स्वीकारावंच लागतं, कारण मागे जाणं हेच त्याचं काम.

१९९२ मध्ये ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे या जोडणीचं एक दुखणं मांडलं. केबलची क्षमता अपुरी पडली की आधीच्या बिटची शेपटी पुढच्या बिटवर पडते, म्हणून कड कधी येईल हे आधी कोणते बिट गेले त्यावर ठरू लागतं. म्हणजे गाणं स्वतःच स्वतःचं घड्याळ हलवतं! ब्रिटिश अभियंता ज्युलियन डन (आडनाव एक, माणूस वेगळा) याने याच दुखण्यासाठी ‘जे-टेस्ट’ नावाचा मुद्दाम त्रास देणारा चाचणी-संकेत तयार केला. त्याचा उपयोग शेवटी येतोच.

पायमधला १७७ आणि १७८ चा घोळ

आज घरगुती डॅकची सुरुवात बहुधा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि पीसीएम५१०२ए चिपचा एखादा जांभळा छोटा बोर्ड यांच्यापासून होते. दोघांमध्ये आयटूएस जोडणी असते. ही फिलिप्सने १९८६ मध्ये ठरवलेली: एका तारेवर बिटचे ठोके, दुसरीवर डावं-उजवं सांगणारा संकेत, तिसरीवर आकडे. ठोक्यांना वेगळी तार आहे म्हणजे एसपीडीआयएफचं दुखणं टळलं, असं वाटतं. पण ते ठोके मुळात कुठून येतात ते पाहा.

पाय ३ पर्यंतच्या बोर्डांवर हे ठोके ५०० मेगाहर्ट्झच्या आतल्या घड्याळाला भागून काढतात. ४४,१०० साठी बिटचा ठोका हवा २.८२२४ मेगाहर्ट्झचा. ५०० ला २.८२२४ ने भागलं की येतात १७७.१५. आता अर्धवट ठोका मोजणार कसा? पाय मग बहुतेक वेळा १७७ ठोके मोजून एक बिट पुढे सरकवतो आणि शंभरातून पंधराएक वेळा १७८ मोजतो. सरासरी बरोबर येते. पण ५०० मेगाहर्ट्झचा एक ठोका म्हणजे २ नॅनोसेकंद, तेव्हा आपला बिट-ठोका कधी ३५४ नॅनोसेकंदांचा तर कधी ३५६ चा असतो. ४८,००० लाही भागाकार पूर्ण जात नाही. पीसीएम५१०२ए मध्ये स्वतःचा पीएलएल असल्याने तो यातलं बरंचसं इस्त्री करून टाकतो. म्हणूनच तो स्वस्त बोर्ड वाजतो तेव्हा कानाला काही खटकत नाही. तरीही मूळ व्यवस्था उलटी आहे. ज्याला गाण्याशी घेणं नाही, ज्याच्यावर वायफाय आणि पडदा सांभाळायचा भार आहे, तो प्रोसेसर घड्याळाचा मालक झालाय आणि डॅक त्याच्यामागे धावतोय.

सुधारणा सोपी आहे: मालकी बदला. पीसीएम५१२२ असलेल्या काही बोर्डांवर डॅकच्या शेजारी दोन ऑसिलेटर बसवलेले असतात, एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचा आणि दुसरा २४.५७६ चा. पहिला ४४,१०० ची ५१२ पट, दुसरा ४८,००० ची ५१२ पट. डॅकच बिटचे ठोके तयार करतो आणि पायला म्हणतो, मी सांगेन तेव्हा आकडा दे. पायने तो जरा अडखळत दिला तरी चालतं. योग्य ठोका पडायच्या आत आकडा तिथे हजर असला म्हणजे झालं. दोन ऑसिलेटर का, हे आता लक्षात आलं असेल: व्हिडिओ टेपच्या काळातलं ते आडनिडं गणित अजून पाठ सोडत नाही. गाण्याच्या जातीप्रमाणे एक चालू करायचा आणि दुसरा पूर्ण बंद. दोन्ही चालू ठेवले तर ते एकमेकांत मिसळतात, आणि नको तिथे नवे स्वर निघतात.

गच्चीवरची टाकी

मालकी बदलता येत नाही तिथे काय? सीडी प्लेअर किंवा टीव्ही आपलं ऐकणार नाही. इथे उपाय म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. नळाला पाणी कधी धो-धो येतं, कधी थेंब-थेंब. पण टाकी अर्धी भरलेली असली की खालच्या नळाची धार एकसारखी राहते. डॅकमध्ये हे काम थोडी मेमरी करते. आकडे येतील तसे तिच्यात भरायचे आणि आपल्या स्वच्छ स्थानिक ठोक्यावर एकेक काढायचे. येतानाची थरथर टाकीतच राहते.

पण टाकीला एक अडचण आहे. प्लेअरचं घड्याळ आपल्यापेक्षा ५० पीपीएमने पुढे असेल तर सेकंदाला दोनेक नमुने जास्त येतात. तासाभरात जवळपास ८,००० साचतात. टाकी लहान असेल तर वाहणार, आणि उलट बाजूने गेली तर कोरडी पडणार. मोठी टाकी ठेवली तर आवाज उशिरा येतो. गाण्याला चालेल, सिनेमा पाहताना मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. काही डिझाइन पातळी पाहून खालचा नळ अगदी हळू कमी-जास्त करतात. म्हणजे स्थानिक ठोका काही सेकंदांच्या चालीने जुळवून घेतात. हे चालतं, कारण इतक्या संथ बदलाने कानाला पोचणारे बाजूचे स्वर तयार होत नाहीत.

सर्वांत नेटकं उत्तर यूएसबीत आहे: बॉलकॉक. जुन्या ‘अॅडॅप्टिव्ह’ पद्धतीत संगणक दर मिलिसेकंदाला आपल्या मनाने आकड्यांचं गाठोडं पाठवायचा आणि डॅकने त्याच्या चालीवरून ठोका ओळखायचा. ‘असिंक्रोनस’ पद्धतीत डॅकचा ठोका पक्का असतो आणि टाकीच्या पातळीवरून तोच संगणकाला कळवतो. एरवी ४४,१०० साठी नऊ मिलिसेकंद ४४ नमुने आणि दहाव्याला ४५ अशी चाल असते. टाकी उतरू लागली की डॅक ४५ चं गाठोडं जरा लवकर मागवतो, चढली की थांबवतो. आजचे बहुतेक यूएसबी डॅक याच तत्त्वावर चालतात. घरी बनवणाऱ्याने यूएसबीचा तयार बोर्ड घेताना हा एक शब्द तेवढा पाहून घ्यावा.

असिंक्रोनस सॅम्पल रेट कन्व्हर्टर हा तिसरा मार्ग. तो येणाऱ्या नमुन्यांवरून आपल्या ठोक्याच्या क्षणी तरंगाची उंची किती असेल ते गणिताने काढतो. काम चोख होतं, पण आकडे बदलतात आणि येणाऱ्या जिटरचा काही अंश त्या आकड्यांत कायमचा मिसळतो. दुसरं काही जमत नसेल तरच.

सोल्डरिंग आयर्न हातात घेतल्यावर

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ८, १२, १६ मेगाहर्ट्झची दोन पायांची क्रिस्टल सहज मिळतात, ती मायक्रोकंट्रोलरसाठी. आपल्याला हवा तो चार पायांचा पूर्ण ऑसिलेटर, नेमक्या २२.५७९२ किंवा २४.५७६ मेगाहर्ट्झचा. साध्या २४ वर भागवू नये. ७ गुणिले ५ मिलिमीटरचं पॅकेज घेतलं तर हाताने लावता येतं. एका कोपऱ्यात चालू-बंदची पिन, मग ग्राउंड, मग ठोका, मग वीज. याहून लहान पॅकेज भिंगाशिवाय लावायच्या फंदात पडू नये.

तो कुठे बसवायचा, हे तो किती भारी आहे यापेक्षा महत्त्वाचं. जागा एकच: डॅक चिपच्या ठोक्याच्या पिनेशेजारी, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर, खाली अखंड ग्राउंड. फिलिप्सच्या टीडीए१५४१ए असलेल्या जुन्या प्लेअरमध्ये ११.२८९६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल डॅकपाशी नव्हे तर डिजिटल फिल्टरच्या चिपला जोडलेलं असायचं आणि ठोका तिथून फिरून डॅककडे यायचा. तिथेच तेव्हाच्या हौशी लोकांना पहिली सुधारणा सापडली. वीस सेंटिमीटरच्या जम्पर वायरीतून ठोका नेणं तर विसराच. वायर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इतकी अडवणूक करते. कड आडवी होते, डोलते, आणि शेजारच्या वायरीतले आकडे तिच्यावर चढतात. ब्रेडबोर्ड शिकायला ठीक आहे, घड्याळाला नाही.

ठोका निघतो तिथे, ऑसिलेटरच्या पिनेलाच, २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकावा. पलीकडून परत येणारी लाट त्यात जिरते.

मग वीज. ऑसिलेटरला स्वतंत्र रेग्युलेटर द्यावा. प्रोसेसरच्या ताटातलं त्याला वाढू नये. एलएम३१७ चा गोंगाट ३.३ व्होल्टला साधारण १०० मायक्रोव्होल्ट, तर एलटी३०४२ सारख्या नव्या रेग्युलेटरचा ०.८. इथे खर्च केलेले पैसे ऑसिलेटरवर उधळलेल्या पैशांपेक्षा जास्त कामी येतात असं माझं मत आहे. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर वीज आणि ग्राउंडच्या पिनांना चिकटूनच हवा. दोन इंचांवर लावलेला कपॅसिटर सर्किटच्या चित्रात तोच दिसतो, बोर्डावर मात्र त्याचा फायदा जवळजवळ शून्य.

एक चूक फार सर्रास होते. ७४एचसी०४ या चिपमध्ये सहा इन्व्हर्टर असतात. एकातून ठोका जातो, पाच रिकामे दिसतात, म्हणून दुसऱ्यातून आकडे सोडले जातात. सहाही जण एकच ग्राउंडची पिन वापरतात. आकडे बदलले की आतलं ग्राउंड क्षणभर उचललं जातं आणि शेजारच्या ठोक्याचा उंबरठा हलतो. एसपीडीआयएफमधलं दुखणं आपण हाताने पुन्हा आणून ठेवलेलं असतं.

मळलेला ठोका धुऊन घ्यायचा असेल तर डी फ्लिप-फ्लॉप लावतात. मळका संकेत आत, स्वच्छ ठोका त्याच्या क्लॉकच्या पिनेला. बाहेरचा संकेत स्वच्छ ठोक्याबरोबरच बदलतो. अट इतकीच, की मळका संकेत मुळात त्याच स्वच्छ ऑसिलेटरपासून निघालेला असला पाहिजे. दोघांची घड्याळं वेगळी असतील तर संकेत कधी या ठोक्यावर पकडला जाईल, कधी पुढच्या; २२.५७९२ मेगाहर्ट्झला तो फरक ४४ नॅनोसेकंदांचा. काही पिकोसेकंद वाचवायला गेलो आणि हजारो पदरात पाडून घेतले!

ऐकू येतं का?

१९९८ मध्ये बेंजामिन आणि गॅनन यांनी ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या. कानाला सर्वांत सोपं जावं अशा परिस्थितीत, उंच शुद्ध स्वरावर, जिटर ओळखू यायला सुमारे १० नॅनोसेकंद लागले. संगीतात त्याहून जास्त. २००५ मध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये विस्कळीत जिटर संगीतात मिसळून पाहिला, तेव्हा कसलेल्या श्रोत्यांनाही तो शेकडो नॅनोसेकंदांवर गेल्यावर कळला. नीट जुळवलेला घरगुती डॅक याच्या खूप खाली असतो. म्हणून मला वाटतं, जिटर कमी करण्याचं काम चांगल्या सुताराने कपाटाच्या मागची बाजूही रंधून घ्यावी त्या जातीचं आहे. करावं जरूर, पण ‘पडदा बाजूला सरला’ वगैरे गप्पा मारू नयेत. आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राचंच घड्याळ हललेलं असेल, तर ती थरथर आकड्यांतच गोठलेली असते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

कानापेक्षा मोजमाप पारखी ठरतं आणि ते घरी जमतं. २४ बिटचं बरं यूएसबी साउंड कार्ड, फुकट मिळणारं स्पेक्ट्रमचं सॉफ्टवेअर आणि जे-टेस्टची फाइल एवढं पुरे. ४४,१०० साठी तिच्यात ११,०२५ हर्ट्झचा मोठा स्वर असतो आणि सर्वांत खालच्या बिटमध्ये २२९.७ हर्ट्झची चुळबुळ. डॅकमधून ती वाजवायची, साउंड कार्डने पकडायची आणि ११,०२५ च्या आजूबाजूला बघायचं. २२९.७ च्या पटीत, जागच्या जागी अपेक्षेपेक्षा उंच काड्या दिसल्या तर आकडे घड्याळाला हलवताहेत: एसपीडीआयएफची जोडणी, केबल किंवा तो सामायिक इन्व्हर्टर. १,००० हर्ट्झ अंतरावर दिसल्या तर यूएसबीची मिलिसेकंदाची चाल आत शिरली. पायथाच रुंद असेल तर ऑसिलेटरचा किंवा पीएलएलचा स्वभाव. साउंड कार्डचं घड्याळही हलत असतंच, म्हणून आधी दुसऱ्या एखाद्या चांगल्या डॅकवर तीच चाचणी घेऊन कार्डाची स्वतःची खूण ओळखून ठेवावी.

आणि १०० हर्ट्झ अंतरावर काड्या आल्या तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा रेक्टिफायरमधून आलेला डोल. पण इथे थांबून एक परीक्षा घ्यावी लागते, कारण घड्याळ न हलता नुसती उंची डोलली तरी तशाच काड्या उगवतात. स्वर ११,०२५ वरून दहापटीने खाली, १,१०२.५ हर्ट्झवर आणा, ताकद तीच ठेवा. जिटर असेल तर काड्या २० डेसिबलने खाली जातील. त्या होत्या तिथेच राहिल्या तर घड्याळ निर्दोष आहे. डॅकच्या रेफरन्स व्होल्टेजवर शंभर हर्ट्झ चढलेत. नवा ऑसिलेटर मागवण्याआधी तिथला कपॅसिटर काढून तपासावा.